देवाच्या शेरात पाणी

वयाच्या सतराव्या वर्षी जवळजवळ वीस दिवस मी माझ्या वडिलांना चोर समजत होते. चोरी तांदळाची होती, आठ किलोंची. आज हे लिहायला सोपं जातंय, कारण तेव्हाचे बहुतेक लोक आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना गुडघेदुखीपुढे दुसरा विषय सुचत नाही. पण त्या वीस दिवसांत मी घरात जशी वावरले ते आठवलं की अजूनही कुठे तोंड लपवू असं होतं.

संशय घेणं ही माझी लहानपणापासूनची खोड. आरेच्या दुधाची बाटली केंद्रावरून आणताना मी ती उजेडात धरून बघायची, झाकणाखाली कोणी हात मारलाय का म्हणून. वाणी तागडी धरायचा तेव्हा माझी नजर त्याच्या करंगळीवर असायची. आई म्हणायची, "हिला पोलिसात घाला, नाहीतर ही आम्हालाच आत घालेल." सगळे हसायचे. मला त्यात माझं कौतुकच वाटायचं. त्यात अकरावीला सायन्स घेतलेलं, त्यामुळे संशयाला आता पुस्तकाचा आधारही मिळाला होता.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा पूर्वी गिरणीत होते. गिरणी सुटल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर लागले. गावातली बाकीची माणसंही अशीच पांगली होती, कोणी भांडुपला, कोणी मुलुंडला, कोणी पार मालाडला. वर्षातून एकदा, माघात, सगळी एकत्र यायची ती गावच्या मंडळाच्या सत्यनारायणाला. चाळीजवळच्या शाळेचा हॉल मिळायचा. पूजा, भजन आणि मग जेवण. मंडळात घरं पन्नास, आणि त्या जेवणाच्या भाताला प्रत्येक घराने शेरभर तांदूळ द्यायचा, हा आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज होता.

शेर म्हणजे हिशेबातला शेर नव्हे, खराखुरा शेर. पितळेचं उभं माप, गावच्या देवळातलं. आजोबा मुंबईला येताना गावकऱ्यांनी ते त्यांच्या हवाली केलं होतं, आणि त्यांच्यामागे ते बाबांकडे आलं. आमच्याकडे सोनं नव्हतं, जमिनीचे कागद चुलत्यांकडे होते. घरात मिरवावं असं काही असेल तर तो शेर. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तो देवाच्या फळीवर ठेवलेला असायचा. त्याचे नियम होते. जमिनीवर ठेवायचा नाही, पाटावर ठेवायचा. राखेने कोरडाच घासायचा, पाणी म्हणून लावायचं नाही. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी घराघरातली बायकामाणसं पिशव्या घेऊन आमच्या गॅलरीत यायची. बाबा धुतलेली चादर अंथरून पाटासमोर मांडी घालून बसायचे. पिशवीतला तांदूळ शेरात ओतायचे, वर शीग चढू द्यायचे आणि मग तळवा फिरवून शीग पुसायचे. शेर पोत्यात रिकामा करायचे, पिशवीत उरलेले दाणे पिशवीवालीला परत द्यायचे. "देवाक जास्ती नको, कमी नको," असं म्हणायचे. वर्षभर गेटवर सलाम ठोकणारा माणूस त्या एका संध्याकाळी ताठ बसायचा. मला ते बघायला आवडायचं. म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

त्या वर्षी मंडळाला नवा सेक्रेटरी मिळाला. मालाडला एका कंपनीच्या गोडाऊनवर होता, कॉलरला पेन, बोलण्यात इंग्रजी. माणूस वाईट नव्हता, पण जुनं ते सगळं मोडकं अशी त्याची समजूत होती. गावचा म्हातारा आचारी दमला होता म्हणून याने मुलुंडहून एक नवा आचारी ठरवला. नवा आचारी शेर जाणत नव्हता. त्याने विचारलं, तांदूळ किती किलो? सेक्रेटरीने बाबांना गॅलरीत दरवर्षी जमणारा आकडा विचारला. बाबा म्हणाले, पन्नास शेर. सेक्रेटरीने आचाऱ्याला सांगितलं, पन्नास किलो.

"किलोला आठ माणूस," आचारी म्हणाला. आठ पंचे चाळीस, म्हणजे चारशे माणूस. सेक्रेटरीने त्याच हिशेबाने आमंत्रणं वाढवली. दरवर्षी साडेतीनशेच्या आत संपणारं जेवण त्या वर्षी चारशेंवर गेलं.

आणि भात संपला. शेवटची पंगत सकाळपासून राबणाऱ्या बायकांची असते. आई त्याच पंगतीत होती. पानावर पुरी, भाजी, शिरा, आणि मधली भाताची जागा रिकामी. कोकणातल्या बाईला भात नाही म्हणजे ती जेवलीच नाही. बायका पानं दुमडून तशाच उठल्या.

आचारी आपल्यावर येऊ नये म्हणून लगेच पुढे आला. "मी सकाळी काट्यावर घातले होते. बेचाळीस भरले. मला बेचाळीसच मिळाले, पन्नास नाही."

पन्नासातून बेचाळीस गेले, राहिले आठ. पोती शनिवारी संध्याकाळपासून रविवारी सकाळपर्यंत कुठे होती? आमच्या घरी. हे वाक्य हॉलमध्ये कोणी उच्चारलं नाही. ते सोमवारी नळावर आलं, मंगळवारी भांडुपला पोचलं आणि बुधवारी मालाडहून परत आलं, तेव्हा त्याला हातपाय फुटले होते. सेक्रेटरीने निरोप पाठवला की तीन आठवड्यांनी मीटिंग आहे, शेर घेऊन या, पुढच्या वर्षापासून काटा वापरायचा. तेवढंच. पण बाबांना कळलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "मीटिंगेत शेर काढून घेतल्यानी, तर माका गावात तोंड दाखवूक जागा नाय." आईने डोळ्यांना पदर लावला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात भलतंच मोजत होते.

कारण मी तोवर स्वतःच परीक्षा घेऊन मोकळी झाले होते.

मंगळवारी दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. बाबा ड्युटीवर. मी फळीवरून शेर काढला. माझी पहिली शंका शेरावर होती, बाबांवर नव्हती, हे माझ्या बाजूने एवढंच सांगते. मला वाटलं, मापाचं बूड आत चेपलेलं असेल, शेर लहान असेल, आणि बाबांना ते ठाऊक नसेल. मी दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एका बाटलीत अर्धा लिटर, हे जगजाहीर. पाण्याने भरून एक ओतली, दुसरी ओतली. शेर काठोकाठ भरला, वर दोन-चार चमचे सांडले. म्हणजे शेर जवळजवळ लिटरचा. आणि लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, हे आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हणजे शेर किलोचाच. माप खरं आहे. सेक्रेटरी बरोबर आहे. मग आठ किलो?

मी त्या ओल्या शेराकडे बघत बसले. मग टॉवेलने तो पुसला, धोतरात गुंडाळला आणि जागेवर ठेवला.

त्याच संध्याकाळी बाबांनी ड्युटीवरून आल्यावर दिवा लावला आणि शेर खाली घेतला. आत बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं. मग खिडकीपाशी नेऊन आत नजर टाकली, बराच वेळ. माझ्याकडे एकदा बघितलं, आईकडे एकदा. कोरड्या फडक्याने तो पुन्हा पुसला आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी उन्हात ठेवला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. माझ्या संशयाला ते जणू सहीशिक्क्यासारखं वाटलं.

एकदा संशय धरला की पुरावे पायात घुटमळायला लागतात. गॅलरीच्या कोपऱ्यात एका डालडाच्या डब्यात मला तांदूळ सापडले. आमच्याकडचे नव्हेत. त्यात कोलम होता, जाडा होता, उकड्याचे पिवळट दाणे होते, लाल रेघेचे गावठी होते. पन्नास घरांचे तांदूळ एकत्र झाले तर ते असेच दिसतील. जेमतेम तीन मुठी होते, पण मला वाटलं, उरले ते हे, बाकीचे गेले. आईला विचारायचं? छे. पोलीस कधी साक्षीदाराला आधी सांगतो का? मी कागदाच्या पुडीत दहा-बारा दाणे घेतले आणि रसायनाच्या वहीत लपवले.

मग मी बाबांच्या पिशवीवर पाळत ठेवली. गुरुवारी ते पिशवी घेऊन भांडुपला आत्याकडे गेले. आत्याच्या यजमानांची गिरणी बंद पडली होती आणि ते घरी बसून होते. कारणही मिळालं. भावाने बहिणीसाठी केलं असणार. मला त्यांची थोडी दयाही आली, आणि दया आली म्हणून मी स्वतःला फार मोठ्या मनाची समजले.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी घरी न जाता भांडुपला उतरले. आत्या एकटीच होती. मला बघून तिला आनंद झाला, आणि ती पाणी आणायला बाहेरच्या पिंपाकडे गेली तेवढ्यात मी तिचा तांदळाचा डबा उघडला. आत तळाला जेमतेम दोन मुठी. मी झाकण लावतच होते तर ती मागे उभी.

"भूक लागलीय काय गं तुला? मग सांगायचं ना, डबे कसले उघडतेस?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिने डबा पातेल्यात पालथा केला, बुडाला थाप मारून शेवटचे दाणेसुद्धा पाडले. भात आणि सोलकढी वाढली. स्वतः बसली नाही. म्हणाली, मी मघाशीच जेवले. मी जेवले, सगळा भात संपवला. मधेच सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा परवा काय घेऊन आले होते?" "जुन्या साड्या," ती म्हणाली, "वहिनीने दिल्या. गोधडी शिवायला घेतलीय." गोधडी खाटेवर अर्धी पसरलेली होती. आईची जांभळी साडी मी ओळखली.

शहाणी मुलगी तिथेच थांबली असती. मी परतीच्या वाटेवर विचार केला, म्हणजे आत्याला दिले नाहीत. म्हणजे विकले. संशयाला एक दार बंद झालं की तो खिडकीतून येतो.

घरात मी बाबांशी बोलणं कमी केलं. त्यांनी वाढलेलं ताट पुढे सरकवलं तर मी दुसरं घ्यायची. ते मला "चेडवा" म्हणून हाक मारायचे, मी ऐकू न आल्यासारखं करायची. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही, आणि हाही मी त्यांच्याविरुद्धचा पुरावाच धरला. निर्दोष माणूस विचारेल ना, काय झालं म्हणून? आता वाटतं, बाप असा मुका बसतो तेव्हा त्याचं आत काय होत असेल. तेव्हा मला फक्त माझंच आत काय होतंय ते दिसत होतं. मी रडायची, आणि रडताना मनात मीटिंगचे दिवस मोजायची.

मीटिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आईला बरं नव्हतं म्हणून भात मी लावला. आमचं माप साधं होतं. वाटीभर तांदूळ, दोन वाट्या पाणी. घाईत मी तांदूळ धुतलेच नाहीत. एक वाटी कोरडा तांदूळ पातेल्यात टाकला आणि त्यावर पहिली वाटी पाण्याची ओतली. आणि हात थांबला. तांदूळ जिथे होता त्याच्या जेमतेम बोटभर वर पाणी आलं. एक वाटी आणि एक वाटी, दोन वाट्या व्हायला हव्या होत्या. दोन झाल्या नव्हत्या. दीडच्या थोड्या पुढे. उरलेलं पाणी गेलं कुठे?

पाणी तांदळात गेलं होतं. दाण्यादाण्याच्या मधे. तिथे आधी काय होतं? काहीच नव्हतं. नुसती हवा.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. वाटी भरून तांदूळ म्हणजे वाटी भरून तांदूळ नव्हेच, बरीचशी हवाच आहे! शेरात पाणी किलोभर मावत असेल, पण तांदूळ किलोभर मावेलच असं कोणी सांगितलं? ना सरांनी, ना सेक्रेटरीने. मी गॅस बंद केला. फळीवरचा शेर पाटावर ठेवून आमच्याच डब्यातल्या तांदळाने भरला, बाबांसारखी शीग चढवली, बाबांसारखा तळवा फिरवला. तो तांदूळ पिशवीत ओतला आणि धावत वाण्याकडे गेले.

"हे तेवढं तोलून द्या ना."

"घ्यायचं काय?"

"काही नाही. फक्त तोला."

वाण्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, पण तागडी उचलली. पाचशे, दोनशे, शंभर ठेवले. मग वीस, मग आणखी वीस. काटा मधोमध आला. मी त्याची करंगळीही बघितली नाही. आठशे चाळीस ग्रॅम. पन्नास शेर म्हणजे बेचाळीस किलो. एक दाणा कमी नाही की जास्त नाही.

त्या डोंगराच्या चढावर मी पिशवी छातीशी धरून वेड्यासारखी हसत वर आले. बाबा चोर नव्हते! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी पडले नाही, सांगितलंही नाही. मला वाटलं, हे उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं. सेक्रेटरीच्या तोंडावर. बाबांची मान उंच करायची, आणि ती मी केली हे सगळ्यांनी बघायचं. ही आता हाव होती आणि तिने पहिल्या संशयापेक्षा जास्त वाट लावली.

रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात मीटिंग भरली. पन्नास-साठ माणसं बाकांवर कशीबशी बसलेली, बायका मागे. टेबलावर सेक्रेटरीने आणलेला काटा. बाबांनी शेर धोतरातून सोडवून काट्याशेजारी पाटावर ठेवला आणि मागे जाऊन उभे राहिले. मी आईबरोबर मागच्या बाकावर, मांडीवर तांदळाची पिशवी.

सेक्रेटरी म्हणाला, "हे बघा, कोणावर ब्लेम नाही करायचाय. पण पन्नास किलोचे बेचाळीस होतात, हे चालणार नाही ना? सिस्टीम पाहिजे. शेर सरकारने केव्हाच बंद केलाय. आता आपणही बंद करू."

मी उभी राहिले. "पन्नास किलो नव्हतेच. पन्नास शेर होते. तुम्ही शेराला किलो म्हणालात."

"शेर म्हणजे किलोच ना गं, जवळपास?"

"तोलून बघा." मी पुढे गेले, त्याच्यासमोर शेर भरला, शीग पुसली, तांदूळ त्याच्याच काट्यावर ओतला. काट्याने आठशे चाळीसच दाखवलं. वर्गात कुजबुज झाली. मग मागून मुलुंडची एक काकी, जिला कधी कोणी बोलायला सांगत नसे, ती उभी राहिली. "अगो बाई! मी दरवर्षी वाण्याकडून किलोची पुडी आणते, आणि दोन मुठी परत घेऊन जाते. यांनीच पिशवीत घालून दिलेल्या." तिने बाबांकडे बोट दाखवलं. दुसरी म्हणाली, मीसुद्धा. तिसरी म्हणाली, आणि खाली सांडलेले यांच्या बायकोने चिमण्यांसाठी वेगळे काढले, प्रसादात चालत नाहीत म्हणून. आईने मान हलवली. डालडाचा डबा. मी वहीतली पुडी आठवून जागच्या जागी खाली बघितलं.

आठ किलो कुठे गेले ते कळलं. पन्नास घरांत दोन-दोन मुठींनी गेले होते, आणि पन्नास घरांनी ते शिजवून खाल्ले होते. सगळा वर्ग हसायला लागला. कोणीतरी बाबांची पाठ थोपटली. सेक्रेटरी माणूस प्रामाणिक होता, त्याने कान पकडले. "चुकलं माझं. शिकलेल्या मुलीने डोळे उघडले. पण तुला हे सुचलं कसं गं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण टाळ्या वाजत होत्या, आणि मी सतरा वर्षांची होते.

"मी पूजा झाली त्याच आठवड्यात टेस्ट घेतली ना," मी म्हटलं. "दुधाच्या दोन बाटल्या घेतल्या, शेरात पाणी भरून बघितलं. आधी मलाही वाटलं की किलोच आहे, मग काल कळलं की..."

हसणं थांबलं. समोरच्या बाकावरचा एक म्हातारा, आजोबांच्या बरोबरचा, हळूच म्हणाला, "देवाच्या शेरात पाणी घातलंस?" आणि सेक्रेटरी, अगदी सहज, कुठलाही वाईट हेतू नसताना, म्हणाला, "म्हणजे डाऊट तुलाही होताच ना."

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होते, ज्या तळव्याने इतकी वर्षं ते शीग पुसत आले होते.

लोकांनी त्यांना आग्रह केला की शेर तुमच्याकडेच राहू द्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की पाणी लागलेलं माप आहे, देवळात नेऊन देतो, पुढच्या वर्षापासून काट्याने घ्या. कोणी फार वाद घातला नाही. शिमग्याला गावी गेले तेव्हा ते शेर देवळात ठेवून आले. फळीवर धोतराचा तुकडा तेवढा घडी करून राहिला.

त्या दिवशी घरी परतताना आई पुढे चालत होती आणि आम्ही दोघं मागे. चढावर मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं? शेर ओला झाला होता ते?"

"त्याच दिसा कळला."

"मग मला बोलला का नाहीत? ओरडायचं तरी!"

ते दोन पायऱ्या चढले, थांबले, दम घेतला. "तू इचारशील म्हणान रवलंय," म्हणाले. तू विचारशील म्हणून थांबलो. वीस दिवस हा माणूस माझी वाट बघत थांबला होता, आणि मी त्या वीस दिवसांत वाणी, आत्या, चिमण्यांचा डबा, सगळ्यांकडे जाऊन आले, एक त्यांच्याकडे सोडून.

मी रडले, माफी मागितली. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि "झाला ता झाला" म्हणाले. ते रागावले नव्हते. पुन्हा "चेडवा" म्हणायला लागले, पुन्हा माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा टाकायला लागले. आईला तर वाटलं की सगळं पूर्वीसारखं झालं.

फक्त एक झालं. महिन्याच्या सुरुवातीला बाबा रेशनचा तांदूळ आणायचे, आणि आतापर्यंत ती पिशवी ते आईसमोर ठेवत आले होते. त्या महिन्यापासून ती ते माझ्यासमोर ठेवायला लागले. पिशवीचं तोंड सोडायचे, बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "मोजून घे गो."

मी कधीच मोजली नाही. तशीच उचलून डब्यात ओतायची. पण डबा भरेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत. मी लग्न होऊन मुलुंडला गेले तोवर दर महिन्याला हे असंच चाललं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते.